सुई आणि आम्ही

सुई या वस्तूशी आमचा परिचय जुना आहे. स्नेह मात्र कधी जुळला नाही. शिवणाची सुई, गोधडीचा दाभण, विणकामाच्या सुया या सर्व आमच्या घरात सुखाने नांदल्या आणि त्यांच्याशी आमचे काही वैर नाही. वैर आहे ते अंगात शिरणाऱ्या सुईशी. आयुष्यभर महाविद्यालयात इतिहास शिकविलेल्या, पानिपतची रणधुमाळी शेकडो विद्यार्थ्यांपुढे न डगमगता उभी करणाऱ्या आणि आता सत्तरी ओलांडलेल्या गृहस्थाने असे म्हणावे, हे ऐकून कोणी हसले तर आम्ही त्यास दोष देणार नाही. शिवाय आज आम्हांस याहूनही लाजिरवाणी एक गोष्ट सांगावयाची आहे. तिच्यापुढे सुईची भीती म्हणजे केवळ नांदी होय.

आम्ही दुसऱ्या इयत्तेत असताना शाळेत देवी काढणारा आला. १९६० सालच्या आसपासची ही गोष्ट. त्या काळी दंडावर लस घालून तीवर काटेरी टोकांची एक लहानशी चकती टेकवीत आणि ती गरकन फिरवीत. आमच्या पुढच्या मुलाच्या दंडावर ती फिरलेली आम्ही पाहिली, आणि त्यानंतरचे आम्हांस काही आठवत नाही. शुद्धीवर आलो तेव्हा आम्ही व्हरांड्यात उताणे पडलो होतो, तोंडावर पाणी मारलेले होते, आणि अर्धी चड्डी भिजलेली होती. ती मात्र तोंडावर मारलेल्या पाण्याने भिजलेली नव्हती. भोवती सारा वर्ग उभा होता. त्या गर्दीतून सातवीतली आमची आक्का पुढे आली. तिने आम्हांला उठवून उभे केले, आपल्या परकराच्या आडोशाने वर्गाबाहेर काढले आणि ओढ्याच्या वाटेने घरी नेले. ओढ्यावर तिने चड्डी धुतली व पिळून पुन्हा आमच्या अंगावर चढविली. आईला सांगितले, “ओढ्यात पडला.” याखेरीज त्या विषयावर तिने कोणापाशी अवाक्षर काढले नाही.

पुढे पुष्कळ वर्षांनी आम्हांस कळले की, आमच्या त्या मूर्च्छेस भित्रेपणा म्हणणे शास्त्राला धरून नाही. वाघ पाहिला असता माणसाचे हृदय जोराने धडधडू लागते व रक्तदाब वाढतो. सुई व रक्त यांना भिणाऱ्यांपैकी पुष्कळांचा रक्तदाब प्रथम थोडा वाढतो आणि मग एकाएकी कोसळतो. नाडी मंदावते, मेंदूस रक्त पुरत नाही आणि माणूस आडवा होतो. हे ज्ञान आम्हांस सातव्या वर्षी असते तर चिडवणाऱ्या मुलांस काही उत्तर देता आले असते. ते नव्हते, म्हणून सुई आणि ती दुसरी फजिती यांची आमच्या मनात जी गाठ बसली ती बसलीच.

आता दुसरी गोष्ट. ‘मूत्र’ हा शब्द संस्कृत असल्यामुळे सभ्य मानला जातो. तेव्हा त्याच्याच आश्रयाने बोलतो. तीनचार वर्षांपूर्वी आम्हांस मूत्राच्या वेगाचा उपद्रव सुरू झाला. वारंवार जावे लागणे हा त्याचा सौम्य भाग. खरा जाच हा की, वेग येई तो पूर्वसूचना न देता, आणि आला म्हणजे दोनचार मिनिटांचीही सवलत देत नसे. बाहेरून घरी येऊन दाराचे कुलूप काढू लागलो की किल्ली फिरण्याच्या आत तो हजर. नळ वाहताना दिसला की हजर. चिनी वैद्यकात मूत्राशयाचा म्हणून जो मार्ग सांगितला आहे तो डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यापासून निघतो आणि मस्तकावरून व पाठीवरून उतरत पायाच्या करंगळीशी संपतो; त्यावर ६७ बिंदू आहेत. शरीररचनेच्या दृष्टीने याला आधार सापडत नाही. पण वाहता नळ पाहून ज्याची धांदल उडालेली आहे, तो त्या मार्गाचा उगम डोळ्यापाशी मानणाऱ्यांना हसणार नाही.

पुणे शहराचा आमचा अभ्यास या काळात फार वाढला. कोणत्या पेठेत कोणाचा वाडा होता हे आम्हांस पूर्वी ठाऊक होते. आता कोणत्या उपाहारगृहात मागच्या बाजूस काय सोय आहे, कोणत्या वाचनालयाची मोरी दुपारी कुलूपबंद असते, हेही पाठ झाले. पुढे तोही अभ्यास निरुपयोगी ठरला, कारण आम्ही बाहेर पडणेच सोडले. वसंत व्याख्यानमालेस जाऊन मागच्या रांगेत कडेची खुर्ची धरणारे जे वृद्ध आपण पाहता, ते सर्वच उशिरा आलेले असतात असे नव्हे. आम्ही ती कडेची खुर्चीही सोडली. मित्रांना वाटले, म्हातारा विक्षिप्त झाला. सौभाग्यवतींना वाटले, नोकरी संपल्याचे दुःख याने मनाला लावून घेतले. आम्ही दोन्ही समजुती कायम राहू दिल्या. विक्षिप्तपणा आणि दुःख या दोहोंनाही समाजात काही प्रतिष्ठा आहे.

या सर्वांत जे खरे नुकसान झाले ते आक्काचे. आक्का वाईला असते. कृष्णाकाठी, गणपतीच्या घाटापासून हाकेच्या अंतरावर. यजमान गेल्यापासून एकटीच राहते. स्वारगेटहून वाई म्हणजे फार तर अडीच तासांचा प्रवास. दर भाऊबिजेस आम्ही जात असू. चाळीस वर्षांत एकदाही चुकलो नव्हतो. तीन वर्षांपूर्वीच्या भाऊबिजेला निघालो, आणि खंबाटकीच्या घाटात पुढे कोठेशी एक मालमोटार आडवी झाल्याने एस. टी. उभी राहिली. अर्धा तास गेला, पाऊण तास गेला. शेजारी एक तरुण मुलगी अभ्यासाचे पुस्तक वाचीत बसली होती. त्या पाऊण तासाच्या शेवटी जे घडले त्याचे वर्णन करण्याची आमची छाती नाही. पिशवीत ओवाळणीसाठी घेतलेली साडी होती. ती पिशवी मांडीवर धरून आम्ही सुरूरच्या फाट्यावर उतरलो. वाईकडे वळण्याऐवजी रस्ता ओलांडला आणि पुण्याकडे जाणारी गाडी धरली. आक्कास फोनवर कळविले की, ताप भरला. पुढच्या भाऊबिजेस पाहुणे आले असे कळविले. त्यापुढच्या खेपेस काय कळविले ते आठवत नाही. खोटे बोलण्याचा सराव झाला म्हणजे तपशील ध्यानात राहत नाहीत. मग भाच्याच्या तोंडून निरोप आला: “आई म्हणते, मामाला सांग, ओवाळणी नको. नुसता ये. माझं काही चुकलं असेल तर येऊन सांग.”

त्या निरोपानंतर आम्ही डॉक्टरांकडे गेलो. तपासण्या झाल्या. या वयात पुरुषांची प्रोस्टेट ग्रंथी संशयित म्हणून आधी पकडली जाते. ती निर्दोष सुटली. मधुमेह नव्हता, जंतूंचा दोष नव्हता. निदान झाले ते ‘अतिक्रियाशील मूत्राशय’. निरोगी माणसास मूत्राशयात दीडदोनशे मिलिलिटर साठले की पहिली जाणीव होते आणि चारपाचशेपर्यंत दम धरता येतो. आमच्या मूत्राशयाचा स्नायू त्याच्या कितीतरी आधी आपल्याच मताने आकुंचन पावत होता. गोळ्या मिळाल्या. त्यांनी थोडा गुण आला, पण तोंड असे कोरडे पडू लागले की जीभ टाळूस चिकटे. आणि बोलण्यावरच ज्याने पोट भरले त्याला ही शिक्षा जरा जास्त वाटली. तेव्हा डॉक्टर म्हणाले, “घोट्याजवळच्या मज्जातंतूपाशी सुई घालून एक उपचार करतात. पाहा विचार करून.”

आम्ही सहा महिने विचार केला. वस्तुतः विचार असा काही केलाच नाही. ‘सुई’ या शब्दापाशी आमची विचारशक्ती थांबे. शेवटी सौभाग्यवतींपुढे सर्व कबुलीजबाब द्यावा लागला. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “अहो, तीन वर्षं मी समजत होते, तुम्हांला माझ्याबरोबर बाहेर पडायचं नाही.” दुसऱ्या दिवशी त्यांनीच चौकशी करून एका डॉक्टरबाईंचा पत्ता काढला. बाई रीतसर एम. बी. बी. एस. झालेल्या आणि वर सूचिचिकित्सा, म्हणजे अ‍ॅक्युपंक्चर, शिकलेल्या होत्या.

त्यांच्या खोलीत भिंतीवर सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणीसांचे चित्र होते. कोटणीस १९३८ साली हिंदुस्थानच्या वैद्यकीय पथकाबरोबर चीनमध्ये गेले आणि १९४२ साली तेथेच, वयाच्या अवघ्या बत्तिसाव्या वर्षी, वारले. पण ही विद्या आपल्याकडे आणण्याचे श्रेय त्यांचे नसून त्याच पथकातील कलकत्त्याचे डॉ. विजयकुमार बसू यांचे आहे. ते १९५८ साली पुन्हा चीनला गेले, तेथे ही विद्या शिकले आणि परतल्यावर कलकत्त्यास तिचा वापर करू लागले. ही दुरुस्ती आम्ही डॉक्टरबाईंना लगेच सांगितली. त्या हसून म्हणाल्या, “काका, भीती वाटते आहे ना?” इतिहासाच्या आड लपलेला माणूस त्यांनी पहिल्या भेटीतच ओळखला.

पहिल्या दिवशी त्यांनी सुई काढलीच नाही. एक कोरी वही दिली आणि तीन दिवस, चोवीस तास, केव्हा किती प्यालो व केव्हा किती गेले याची मोजपात्राने मोजून नोंद ठेवावयास सांगितली. आम्ही पेशव्यांचे जमाखर्च वाचलेले; तरी अशी रोजकीर्द लिहिण्याचा प्रसंग येईल असे कधी वाटले नव्हते. हिशेब निघाला: दिवसा तेरा वेळा, रात्री चार वेळा, आणि पुष्कळदा शंभर मिलिलिटरच्या आत. चहा पाच कप. पैकी तीन बाईंनी तेथल्या तेथे कापले. शिवाय वेग आला की तत्काळ धावावयाचे नाही. जागीच थांबून खालचे स्नायू आवळून पाच मिनिटे काढावयाची, मग दहा, असा अभ्यास दिला. आम्ही शंका काढली की, चरकसंहितेत ‘नवेगान्धारणीय’ नावाचा अध्याय आहे; त्यात जे तेरा वेग अडवू नयेत म्हणून सांगितले आहेत, त्यांत पहिला मान मूत्राचाच आहे. बाई म्हणाल्या, खऱ्या वेगाची गोष्ट वेगळी; तुमचा वेग खोटा आहे. घरी येऊन आम्ही अध्याय पुन्हा पाहिला. अडवावेत असे काही वेगही त्यात सांगितले आहेत: लोभ, शोक, क्रोध, आणि भय. आम्हांस यांतला एकही प्रकार साधला नव्हता. नको तो वेग धरून बसलो होतो आणि जो धरावयाचा तो मोकाट सोडला होता.

सुईचा दिवस उजाडला. मूर्च्छा टाळण्याची एक युक्ती बाईंनी शिकविली होती. स्वीडनमधील मानसशास्त्रज्ञांनी १९८० नंतरच्या दशकात ती प्रचारात आणली. दंड, मांड्या आणि पोट यांचे स्नायू दहापंधरा सेकंद घट्ट ताणून धरावयाचे, चेहरा गरम झाल्यासारखा वाटला की सैल सोडावयाचे, आणि असे पाचसहा वेळा करावयाचे. त्याने घसरणारा रक्तदाब सावरतो. युक्ती नामी आहे. परंतु पोट ताणले की मूत्राशयावर दाब येतो. म्हणजे एका शत्रूस आवरावे तर दुसरा दरवाजा ठोठावणार! आम्ही दोनदा ताणले, दोनदा उठून जाऊन आलो, आणि तिसऱ्या खेपेस बाईंनी हात व मांड्याच ताणण्याची परवानगी दिली.

मग मुख्य अडचण पुढे आली. सुया टोचून अर्धा तास निजावयाचे होते. त्या अर्ध्या तासात वेग आला तर? पायात सुया, सुयांना तारा, तारांच्या टोकाला विजेची लहानशी पेटी; धावणार कोठे? खंबाटकीच्या घाटात निदान पाय तरी मोकळे होते. आम्ही ही शंका बोलून दाखविली, आणि बोलताना आवाज चिरकला हे आम्हांस कळले. बाईंनी उशाशी एक घंटी ठेवली आणि म्हणाल्या, “वाजवा. सुया काढायला मला मिनिटसुद्धा लागत नाही. आणि समजा नाही जमलं, तर खाली रबरी कापड आहे, आणि ते धुता येतं.” इतक्या सरळ शब्दांत हा विषय आमच्याशी यापूर्वी कोणी बोलले नव्हते. ‘ते धुता येतं’ हे ऐकताच आम्हांस एकदम तो ओढा आठवला.

सुई लावण्याची रीत अशी: पायाच्या आतल्या घोट्याच्या वर चार बोटांवर एक जागा आहे, चिनी भाषेत तिला सानयिनजियाओ, म्हणजे तीन यिन मार्गांचा संगम, असे म्हणतात. त्याच्याच जवळून टिबियल नावाचा मज्जातंतू जातो, आणि त्याची काही मुळे कमरेखालच्या त्रिकास्थीतून येतात, जेथून मूत्राशयाचेही मज्जातंतू निघतात. घोट्याशी केलेली सूचना वर पोटात कशी पोचते याचा आजच्या वैद्यकाने लावलेला अर्थ साधारण असा आहे. सुई इंजेक्शनच्या सुईसारखी पोकळ नसते. भरीव, केसासारखी, पाव मिलिमीटर जाडीची. ती बारीक नळीत घालून नळी कातडीवर टेकवितात आणि वरून बोटाने टिचकी मारतात. ही नळी सतराव्या शतकात जपानमधील सुगियामा वाइची या अंध वैद्याने प्रचारात आणली. तो एनोशिमा बेटावर ठेचकाळून पडला आणि हाताशी पानाच्या सुरळीत अडकलेली पाइन वृक्षाची सुईसारखी काडी लागली, त्यावरून ही कल्पना सुचली, अशी आख्यायिका आहे. आख्यायिकांवर विश्वास ठेवण्याची आम्हांस सवय नाही. पण सुई दिसत नसतानाही ती लावता यावी अशी सोय एका अंधाने केली आणि तिचा लाभ डोळे गच्च मिटून पडलेल्या आम्हांस व्हावा, हे आम्हांस फार उचित वाटले.

टिचकी कळली, सुई कळली नाही. मग काही वेळाने घोट्याखाली एक जड, मुंग्यांसारखी, थोडी ठसठसती संवेदना पसरली आणि पायाचा अंगठा आपोआप किंचित वाकला. बाई म्हणाल्या, “छान.” कपाळावर घाम होता, पण खोली फिरली नाही, कानांत शिट्टी वाजली नाही. वीस मिनिटे गेली असतील. वेग आला. आम्ही घंटीवर बोट ठेवले. खालचे स्नायू आवळले, छताच्या पंख्याची पाती मोजली, सातवाहनांपासून राजघराणी मनात म्हणू लागलो. यादवांपर्यंत आलो तेव्हा वेग ओसरला होता. घंटी वाजविली नाही. त्या दिवशी घरी परतताना आम्ही रिक्षा न करता चालत आलो, एवढेच सांगतो.

आठवड्यास एक याप्रमाणे बारा खेपा झाल्या. वहीवरील हिशेब आता असा आहे: दिवसा आठ, रात्री दोन. तेराचे आठ झाले म्हणजे रोग गेला असे नव्हे. प्रवासास निघताना आजही आम्ही पिशवीत एक जास्तीचे धोतर टाकतो. आणि हा गुण सुईचाच, असेही आम्ही छातीठोकपणे म्हणणार नाही. तीन कप चहा सुटला होता, पाच मिनिटांचा अभ्यास चालू होता, घरात लपवालपवी संपली होती. अमेरिकेत घोट्याजवळच्या या उपचाराची पारख २२० रुग्णांवर करून २०१० साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. निम्म्यांना खरी सुई व वीज, निम्म्यांना नुसता देखावा. खऱ्या उपचाराने शेकडा ५४.५ जणांनी बऱ्यापैकी किंवा त्याहून अधिक गुण आल्याचे सांगितले. देखाव्यानेही शेकडा २०.९ जणांस तसाच गुण वाटला. सुईत काहीतरी आहे हे यावरून दिसते, आणि कोणी अर्धा तास आपली विचारपूस करावी यातही काहीतरी आहे हे दिसते. आम्ही कोणत्या गटात पडतो हे ठरविण्याचे साधन आमच्यापाशी नाही. ठरविण्याची निकडही राहिली नाही.

गेल्या भाऊबिजेस आम्ही वाईस गेलो. खंबाटकीत गाडी दहा मिनिटे थांबली. थांबू दिली.

आक्काने दार उघडले, पाहत राहिली, मग म्हणाली, “वाळलास रे.” ओवाळून झाल्यावर आम्ही तिला सर्व सांगितले. घाटातली गोष्टही सांगितली. पेशव्यांच्या रोजकिर्दीसारखी वही, उशाशी घंटी, पंख्याच्या पात्यांपाशी सातवाहन आणि यादव, हे ऐकून ती हसू लागली. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. मध्येच “पुरे रे, मला हसवू नकोस” असे म्हणत पदर आवरून उठली आणि आत गेली. बराच वेळ आली नाही. आली तेव्हा नेसण्यातले लुगडे बदललेले होते. भाऊबिजेसाठी काढलेले चांगले लुगडे जाऊन घरातले जुने आले होते. आम्ही ते पाहिले, आणि आम्ही पाहिले हे तिने पाहिले.

कितीतरी वेळ कोणी बोलले नाही. मग तिने फुलवात नीट केली आणि वातीकडे पाहतच म्हणाली, “धाकटा झाला तेव्हापासून आहे. खोकला, शिंक, हसणं. म्हणून तर मी कोणाच्या लग्नाला जात नाही. लोक म्हणतात, आक्का माणूसघाणी झाली.”

धाकटा भाचा पंचेचाळीस वर्षांचा आहे.

सुरूरच्या फाट्यावरून परत फिरताना आमच्या मनात होते की, आक्काला हे कळता कामा नये. जिने चड्डी धुतली तिच्यापासून हे लपवीत होतो, आणि ती आमच्यापासून लपवीत होती. दोघांत मिळून खोटी निमित्ते किती झाली असतील त्याचा हिशेब कोणत्याच वहीत नाही. आम्ही तिला सांगितले की, तिचा प्रकार आमच्याहून वेगळा. वेग येत नाही, पण हसताखोकताना दाब पडला की बांध टिकत नाही. त्याला स्नायूंचे व्यायाम आहेत, ते आधी करावयाचे. चीनमध्ये अशा ५०४ स्त्रियांवर विजेच्या सुयांचा प्रयोग झाला, त्याचे निष्कर्ष २०१७ साली प्रसिद्ध झाले, आणि सहा आठवड्यांच्या अठरा खेपांनी देखाव्याच्या सुयांपेक्षा अधिक गुण दिसला. डॉक्टरबाई स्त्री आहेत, हेही सांगितले. ती सारे ऐकत होती.

“घोट्यातच टोचतात का?” तिने विचारले.

या प्रकारात घोट्यात टोचीत नाहीत, कमरेच्या खाली पाठीमागे टोचतात, आणि तेथे सुई लागते ती तीन इंच लांबीची. हे आम्हांस डॉक्टरबाईंनी सांगितले होते. पहिला भाग आम्ही आक्कास सांगितला.

“आणि सुई केवढी असते?”

आम्ही अंगठा आणि तर्जनी यांच्यात अंतर धरून दाखविले. अंतर जरा कमीच धरले.